नाकात बोलणारा कर्णा

"मेस्त्री, ह्यास्नी घर बांधून पायजे."

असं म्हणून तातोबा गुरवांनी खांद्यावरचं पोतं माझ्या कामाच्या टेबलावर टेकवलं. टेकवलं ते इतकं हळू, की मला वाटलं आत अंडी आहेत. मग एकेक करून त्यांनी जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या तीन वस्तू बाहेर काढल्या. दोन बारा इंची स्पीकर, कागदी कोनाचे, मागं नारळाएवढं लोहचुंबक. आणि एक पत्र्याचा कर्णा, बुडाला पितळी डबी असलेला. वाळवट्याच्या टॉकीजमध्ये पडद्यामागं या तिघांनी तीस वर्षं काढली होती. तातोबांनी तेवढीच वर्षं मशीनच्या खोलीत काढली होती. ते तिथले ऑपरेटर. टॉकीज बंद पडलं, भिंती उतरवायला काढल्या, तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या आणि पत्रे नेले आणि यांनी हे पोतं आणलं.

मी एक स्पीकर उचलला, कोनावर बोटाचं पेर टेकवून हळूच दाबून पाहिलं. मागं-पुढं लोण्यासारखा हलला. असला माल पुन्हा होणार नाही हे मला तेवढ्यावरच कळलं आणि माझे हात शिवशिवायला लागले.

"घरी ऐकायला पायजेत काय?" मी विचारलं.

"घरी काय ऐकू? आमची हौसा हाय की दिवसभर." ते हसले. "पंचायतीला द्यायचेत. पावसाळ्यात धरणातनं पानी सोडलं की हापिसातनं फोन येतो, आन मग शिपाई सायकल घिऊन गल्लोगल्ली वराडत फिरतो. तो खालच्या आळीत पोचंस्तवर पानी त्याच्या आदी पोचल्यालं असतं. तवा शाळंच्या गच्चीवर हे बसवायचे. बोलायचं काम माझ्याकडं."

खालची आळी म्हणजे ओढ्याकाठची. ओढ्यावर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आणि फरशीपलीकडं मोठा रस्ता. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागं फिरायचं आणि फरशी बुडायची. तातोबांचं घर खालच्या आळीतच होतं.

माझं नाव नबीलाल. मिरजेत आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे झाले. मी तंबोरे सोडून स्पीकरच्या पेट्या करायला लागलो, तेव्हा अब्बांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नवव्या दिवशी ते माझ्या पहिल्या पेटीवर टिचकी मारून म्हणाले, "मुकी आहे रे ही. लाकूड गायलं पाहिजे." ते मी इतकं मनावर घेतलं की पुढं माझ्या पेट्या गायलाच लागल्या. मंडपवाले कोल्हापुरातनं यायचे. तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो आणि या विषयात मला कुणी शिकवावं असा माणूस उभ्या जिल्ह्यात नाही अशी माझी समजूत होती.

तातोबा शिकवायला लागले.

"थेटरात कसं हुतं सांगू का? पेटी जाड फळीची, बोजड. आतनं घोंगडी ठोकल्याली, चारी अंगांनी."

"घोंगडी?" मला हसू आवरेना. "तंबोऱ्याच्या भोपळ्यात कुणी घोंगडी कोंबतं काय, तातोबा?"

"तंबोऱ्याला बोलाय लागत न्हाई, मेस्त्री. आन ह्यो कर्णा," त्यांनी पत्र्यावर हात ठेवला, "ह्यो वर बसवायचा. डबा गायचा, कर्णा बोलायचा. असं हुतं आमच्यात."

मी कर्णा जोडून पाहिला. त्यांच्यासमोरच माईकवर दोन शब्द बोललो. सर्दी झालेला माणूस बोलावा तसा आवाज आला, चिरका, शेंबडा. मी तोंड वाकडं केलं.

"हा नाकात बोलतोय."

"बोलतोय न्हवं पन?"

"हे बघा, हे दोन राजे आणि त्यांच्या डोक्यावर हे पिपाणं मी बसवणार नाही. माझ्या पेटीला माझं नाव लागतंय."

कारागिराशी वाद घालू नये असं मानणारी तातोबांची पिढी. त्यांनी कर्णा उचलून चिंधीत गुंडाळला आणि माझ्याच हातात दिला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. लागंल कदी." मी तो वरच्या फळीवर टाकला.

पेट्यांना मी दोन महिने घेतले. जुनं सागवान मिळवलं, रंधून बोटाच्या जाडीचं केलं, मग आणखी पातळ केलं. समोर खाली तोंडं ठेवली, गळ्यासारखी. आत घोंगडी सोडा, कापसाचा बोळा घातला नाही. एका बाजूला टिचकी मारली की दुसरी बाजू गुणगुणायची. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम होतं. आज ही ओळ लिहितानासुद्धा जीभ तसं म्हणायला तयार आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

एक मेला, झेंडावंदन झाल्यावर, शाळेच्या पटांगणात गाव जमलं. सरपंच शालनताई मोहित्यांनी नारळ फोडला. मी सनईची कॅसेट लावली आणि दोन्ही पेट्यांमधून असा काही सूर निघाला की पोरं पळायची थांबली. म्हातारी माणसं डोळे मिटून बसली. शालनताई पदर सावरत म्हणाल्या, "मेस्त्री, देवळात बसल्यागत वाटतंय बघा." माझी छाती फुगली. तातोबांची बायको हौसाबाई माझ्यासाठी पितळी तांब्यातनं ताक घेऊन आली होती. ठेंगणी, कपाळाला बंद्या रुपयाएवढं कुंकू, तोंड फटकळ. "आमचं म्हातारं आता गावभर वराडनार," ती म्हणाली. "घरात वराडत हुतं ते काय कमी हुतं व्हय!"

तातोबा मात्र माझ्या कोपराला धरून बाजूला घेऊन गेले.

"गानं झालं. आता बोलून बगा."

"बोललो की मघाशी. हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री. कळलं नाही कुणाला?"

"ते कळनारच. ते सगळ्यास्नी पाठ हाय." ते हळू बोलत होते, चारचौघांत माझा अपमान नको म्हणून. "ठाऊक न्हाई असं कायतरी बोला. मी फरशीवर जाऊन हुबा ऱ्हातो. मला काय ऐकू आलं ते यिऊन सांगतो."

फरशी शाळेपासून चांगली अर्धा किलोमीटर. ऊन मी म्हणत होतं, पंगत मांडली होती, शालनताई जेवायला हाका मारत होत्या.

"तातोबा, जे असं गातंय ते बोलणार नाही होय?" मी म्हणालो. "चला, ताट वाढलंय."

ते आले. जेवले. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी सकाळी शालनताईंचा दुकानात फोन आला की गच्चीवर पेट्या भिजतायत, काय करायचं. लाकूड फुगेल या विचारानं माझं काळीज हललं. गावाचा विचार आला असता तर बरं झालं असतं, पण तो आला नाही. मी ताडपत्री घेतली, एसटी पकडली आणि दहाच्या सुमारास वाळवट्याच्या फाट्यावर उतरलो. तिथून चालत फरशीपर्यंत आलो. पाऊस थांबला होता. फरशीवरून घोट्याएवढं गढूळ पाणी वाहत होतं. एक दूधवाला मोटरसायकल ढकलत माझ्याकडच्या काठाला आला आणि म्हणाला, "अजून जमतंय, पन जपून." तो निघून गेला. मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत उभा राहिलो.

तेवढ्यात पेट्या वाजल्या.

गावात वीज नव्हती, ॲम्प्लिफायर बॅटरीवर लावला होता, तरी तो आवाज शिवारावरून असा घुमत आला की माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला अभिमान वाटला. पाण्याच्या खळखळाटावरून, ओल्या हवेतून, तातोबांचा तो जाडाभरडा आवाज एखाद्या गवयासारखा येत होता. शब्द मी दुसऱ्या खेपेला ऐकायला गेलो. "धरणातनं" हे कळलं. "पानी" कळलं. मग लांबलचक घुमारा, आणि शेवटी "फरशीवरनं जावा".

पुन्हा तेच. "फरशीवरनं जावा."

म्हणजे गाव रिकामं करतायत, मला वाटलं. पाणी चढायच्या आत फरशीवरून मोठ्या रस्त्याला लागा असं सांगतायत.

पलीकडच्या काठाला हौसाबाई आली. डोक्यावर गाठोडं, एका हातात शेळीची दोरी. आळीतली बाकीची माणसं पहाटेच शाळेत गेली होती, ती एकटीच सामान आवरत मागं राहिली होती हे मला नंतर कळलं. फरशीच्या तोंडाशी येऊन ती थांबली. वळून शाळेकडं पाहिलं. पेट्या पुन्हा घुमल्या. तिनं पाण्याकडं पाहिलं, मग मान वर करून पलीकडं माझ्याकडं पाहिलं. मला तिनं ओळखलं. तोंडानं काहीतरी विचारलं, ते पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण काय विचारतेय ते कळण्यासारखं होतं. येऊ का?

मी हात केला. एक नाही, दोन्ही हात वर करून बोलावलं. "या, या! लवकर या!"

तिनं पाऊल टाकलं. शेळी अडून बसली, तिला तिनं ओढलं. ती अर्ध्यावर आली तेव्हा ओढ्याचं पाणी एकाएकी खालून वर फिरलं. आवाज झाला नाही. घोट्याचं पाणी मांडीला आलं आणि गाठोडं आधी गेलं. तिनं दोरी सोडली असती तर कदाचित सावरली असती. तिनं सोडली नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, पाय सुटायला लागले तसा मागं आलो. शेळी वरच्या अंगाला करंजाच्या झुडपाला लागून जिवंत निघाली.

वरून पेट्या घुमतच होत्या.

हौसाबाई तिसऱ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर, खाली नदीत चार कोसांवर सापडली. पोलिसांना मी सांगितलं की बाई फरशीवर आली आणि पाण्याचा लोंढा आला. त्यात खोटं काही नव्हतं. मी हात करून बोलावल्याचं त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. शाळेत जे लोक होते त्यांना घोषणा नीट कळली होती. ते पेट्यांच्या पायाशीच होते. त्यांच्याकडून मला कळलं की तातोबा काय म्हणत होते.

"धरणातनं पानी सोडलंय. फरशीवरनं जाऊ नगा."

"जाऊ नगा" आणि "जावा". माझी पेटी स्वर तेवढे गात होती. मधला 'न' आणि 'ग' तिनं गिळून टाकले होते. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाला असतो, आणि नेमकं शेपूटच माझ्या सागवानात विरघळलं. हे कळलं त्या रात्री मी जेवलो नाही. पण कुणाला सांगितलंही नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी तातोबा दुकानात आले. पार वाळले होते. मी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. त्यांनी चहाकडं पाहिलं नाही.

"मेस्त्री, तुमी पल्याड हुता त्या दिशी."

"हो."

"एकच इचारायचं हाय. माझं बोलनं तुमास्नी तितं नीट ऐकू आलं का?"

ते जाब विचारायला आलेत असं मला वाटलं. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. जावा असं ऐकू आलं, मग तुम्ही काय केलंत?

"आलं की," मी म्हणालो.

"काय आलं?"

"हेच. फरशीवरनं जाऊ नका."

"पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

ते मान खाली घालून म्हणाले, "असं व्हय." मग, "मला वाटत हुतं, आवाज फुटला असंल. तिला जावा असं ऐकू गेलं असंल. लय आशा हुती मला तशी."

मला कळेना. "आशा?"

"त्या दिशी सकाळी आमचं भांडान झालं. ती म्हनली, घरात पानी शिराय लागलंय, सामान कोन उचलंल, तू चाललास बोंबलायला. मला राग आला. मी म्हटलं, एवडंच हाय तर जा, फरशीवरनं उडी टाक, माझी सुटका कर." त्यांचा आवाज अजिबात कापत नव्हता. "आन तिला पष्ट ऐकू आलं, जाऊ नगा म्हनून. माझाच आवाज. तरी ती गेली. म्हंजे सकाळचं माझं आयकून गेली ती."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, तातोबा, मी खोटं बोललो, तिला जावाच ऐकू आलं, मलाही तेच ऐकू आलं, ती थांबली होती, तिला मरायचं नव्हतं, ती विचारत होती, मीच बोलावलं. चार वाक्यांचं काम. टेबलावर हात ठेवून मी त्या हातांकडं बघत बसलो.

"ती शेळी तिनं सोडली न्हाई," मी शेवटी म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे.

"तिचा लय जीव हुता शेळीवर," ते म्हणाले. "तिला कशापायी नेली बरूबर, ते काय मला समजंना बगा. मरायला निगाल्यालं मानूस शेळी नेतंय व्हय?"

उत्तर त्यांच्या हातात आलं होतं. नुसतं नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "काय सांगावं, तातोबा."

ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"त्यो कर्णा हाय का तुमच्यापाशी? असला तर बसवू आता. गावाला उपेगी पडंल."

कर्णा त्यांच्या डोक्यावरच्याच फळीवर होता. चिंधीचं टोक खाली लोंबत होतं.

"भंगारात गेला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढं ते दोन वर्षं जगले. शालनताई सांगायच्या, म्हातारा फरशीवर जाऊन तास न् तास बसतो, आणि कुणी हाक मारली तर ओ देत नाही. त्या दोन वर्षांत मी वाळवट्याला गेलो नाही. पेट्या नंतर आलेल्या सरपंचांनी तालमीत लावल्या. गणपतीत अजून छान वाजतात म्हणे.

पण ते पुढचं. त्या दुपारी तातोबा गल्लीच्या वळणाआड गेले, तसा मी फळीवरून कर्णा काढला. चिंधी सोडली. ॲम्प्लिफायरला वायर जोडली आणि कर्णा दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगला, तोंड रस्त्याकडं करून. गल्लीत त्या वेळी गाडीवाल्यांची ओरड, समोरच्या लोहाराचा घण, नळावर बायकांची कलकल. मी आत, मागच्या खोलीत गेलो, माईक तोंडाशी धरला आणि तातोबा बोलले असतील तसं, त्यांच्याच चालीवर एकदाच बोललो.

"धरणातनं पानी सोडलंय. फरशीवरनं जाऊ नगा."

सर्दी झालेल्या माणसाचा तोच चिरका आवाज रस्त्यावर गेला.

मी बाहेर आलो तेव्हा पार गल्लीच्या टोकाला, नळावर, कलावतीवहिनी हातातली घागर तशीच धरून उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "मेस्त्री, कुटल्या फरशीवरनं जाऊ नगा म्हंताय?"

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "टेस्टिंग चाललंय."

वाळवट्याची एसटी सव्वापाचला सुटायची. स्टँड माझ्या दुकानापासून चालत सहा मिनिटांवर. तातोबा तिथल्या बाकावर बसलेले असणार हे मला माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. मी कर्णा खिळ्यावरून उतरवला, चिंधीत पुन्हा नीट गुंडाळला, आणि सव्वापाच वाजेपर्यंत तो मांडीवर घेऊन दुकानात बसून राहिलो.